बोटभर जास्त

पाळणा जिन्याने तिसऱ्या मजल्यापर्यंत सुखरूप चढला आणि दाराशी येऊन थांबला. अडकला असंही म्हणता येईना, कारण अडकायला आधी थोडं आत जावं लागतं. उभा करून झाला, आडवा झाला, तिरका झाला, पालथा झाला. मिस्त्रींच्या थोरल्या मुलाच्या बोटांची सालं निघाली. टेम्पोवाल्याने वर येऊन सगळ्यांना सल्ला दिला आणि खाली जाऊन गाडीत झोपला. पाळणा मात्र पॉलिशवर एक ओरखडा न पडू देता दारासमोर आडवा बसला होता, आणि त्याच्यामुळे आतले आत आणि बाहेरचे बाहेर झाले होते.

मिस्त्रींनी रुमालाने मान पुसली, दाराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि निकाल दिला.

"दार चुकलंय."

यावर कुणी हसलं नाही. मिस्त्रींचं माप चुकलेलं या घरात कुणी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तरी सांगितलं नसतं. तीन पिढ्यांचं सुतारकाम होतं. खिळा नाही, स्क्रू नाही. एका लाकडाला खाच पाडायची, दुसऱ्याचं कुसू तिच्यात ठोकायचं, सरस भरायचा आणि विसरून जायचं. सुटणारी वस्तू आपण करत नाही, असं मिस्त्री गिऱ्हाइकाला सांगत आणि गिऱ्हाईक गेल्यावर तेच जरा मोठ्या आवाजात घरच्यांना सांगत. म्हणून धाकटा घरातून सुटला तेव्हा नेमका जोड कुठं कच्चा राहिला हे ते वर्षभर शोधत होते.

आणि सुटून गेला तो कुठं, तर या शहरात, खोक्यातलं फर्निचर विकणाऱ्या कंपनीत. पलंग, कपाट, टेबल, सगळं चपट्या खोक्यात. गिऱ्हाइकाने घरी न्यायचं आणि सोबतच्या वाकड्या किल्लीने आपलं आपण जोडायचं. ते कसं जोडायचं याची चित्रं धाकटा काढत असे. चित्रात गोल डोक्याचा, नाक-डोळे-तोंड नसलेला एक माणूस स्क्रू पिळत असतो. सोबत शब्द एकही नाही, म्हणजे जगातल्या कुठल्याही भाषेच्या माणसाला ते सारखंच कमी समजतं. मिस्त्रींनी तो कागद एकदा हातात घेतला होता. माणूस ओळखीचा वाटतो, एवढंच ते म्हणाले, कारण धाकट्यालाही ऐन वेळी तोंड नसायचं.

आत होत्या सून, म्हणजे धाकट्याची बायको, आणि तिची सासू माई. सून खुर्चीत बसली होती, पाय दुसऱ्या खुर्चीवर, सातव्या महिन्यात माणूस बसतं तशी. दोन्ही खुर्च्या खोक्यातल्या. तिला पाळण्याच्या गजांमधून बाहेरच्या माणसांचे तुकडे दिसत होते. आत्यांचा चष्मा, थोरल्याचा खांदा, नवऱ्याचे बूट. ही मंडळी सकाळी पोचली तेव्हा तिला बरं वाटलं होतं. पाळणा पाठवणं म्हणजे तह, असं ती समजली होती. मूल इथं होऊ दे, पण झोपू दे आपल्या लाकडात, असा. हे तिला मान्य होतं. पाळणा सुरेखही होता, त्याच्या कठड्यावरून हात फिरवला की कुठं जोड आहे ते बोटाला कळत नव्हतं.

पण तह करायला गेलेलं लष्कर वेशीबाहेर अडकलं की त्याचा विचार बदलतो. इथं तो बदलला आत्यांच्या डोक्यात.

आत्या म्हणजे मिस्त्रींच्या थोरल्या बहीण. गावातल्याच मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या आणि निवृत्त झाल्यावर ते पद घरी घेऊन आल्या होत्या. त्या जिन्याच्या पायरीवर रुमाल अंथरून बसल्या होत्या आणि बोटांवर कसला तरी हिशेब करत होत्या, हे लक्षण चांगलं नव्हतं.

"पाळणा आत जात नाही ना," त्या शेवटी म्हणाल्या, "मग पोरगी बाहेर येईल. त्यात काय एवढं?"

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. आत्यांनी मग तो हिशेब सोपा करून सांगितला. पाळणा परत न्यायचाच आहे. टेम्पो परत जाणारच आहे. पुढच्या सीटवर जागा आहे, पाठीला उशी देता येईल. घरी मोठी दारं, मोठी खोली, चार माणसं हाताशी. इथं काय, दोन खोल्या आणि हलणाऱ्या खुर्च्या. मूल होईल, जरा मोठं होईल, मग बघू. या घरात 'मग बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. आत्या स्वतः सासरी भांडून आठवडाभरासाठी माहेरी आल्या होत्या तेव्हाही त्यांचे वडील मग बघू म्हणाले होते, आणि तो आठवडा अजून संपला नव्हता.

थोरल्याने ताबडतोब मान डोलावली. तो आत्यांच्या बाजूचा कधीच नव्हता, पण त्याचं गणित निराळं होतं. भावजय परत आली की आज ना उद्या धाकटाही मागोमाग येणार. धाकटा आला की करवतीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी असणार, आणि बाबांची बोलणी दोघांत वाटून खाता येणार. गेली दोन वर्षं तो ती एकटाच खात होता. भावाच्या संसारासाठी म्हणून तो जे बोलला ते ऐकून कुणालाही भरून आलं असतं.

मग सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. सुनेनेही पाहिलं, गजांमधून.

"तसं बघितलं तर," धाकटा म्हणाला, "दोन्ही बाजूंनी विचार केला तर..." आणि थांबला.

"कुठल्या दोन?" सुनेने आतून विचारलं.

तो पाळण्याच्या पायाचं निरीक्षण करायला लागला, जणू उत्तर तिथं कुठं कोरलेलं होतं. मग त्याने हळूच सुचवलं की चार पाय कापून त्याला बोल्ट लावले तर आत नेऊन परत जोडता येईल. काम अर्ध्या तासाचं आहे, किल्ली घरातच आहे. मिस्त्रींनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती पाहून थोरलासुद्धा एक पायरी खाली उतरला. नंतर बराच वेळ धाकटा काही सुचवायच्या फंदात पडला नाही.

सून उठली नाही. उठायला वेळ लागत होता आणि तिला विचार करायचा होता. या शहरात आल्यावर पहिले दोन महिने ती रोज रडली होती, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. भाजीवाला तिला ओळखत नव्हता, रस्ते एकसारखे दिसत, आणि रात्री उठलं की न्हाणीघरातला दिवा नेमका लुकलुकत असे. मग तिला कान तपासायच्या दवाखान्यात नोकरी लागली. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानाला यंत्र लावायचं, बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की हात वर करा म्हणायचं. ती या कामात चांगली निघाली. गेल्याच महिन्यात तिला कायम केलं, बाळंतपणाची रजा बोलून ठेवली, बाई परत या हं, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. न्हाणीघरातला दिवा तिने स्वतः बदलला. आता भाजीवाला तिला जास्त पिकलेलं फळ देत नव्हता. हे सगळं मिळून फार मोठं नव्हतं, पण ते तिने एकेक करून गोळा केलं होतं, आणि 'मग बघू' म्हणून ती आज टेम्पोत बसली तर परत येईल तेव्हा यातलं काहीही जागेवर नसेल. काचेच्या खोलीत दुसरी कुणीतरी हात वर करा म्हणत असेल.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. समोर राहणाऱ्या बाई बस चालवत, त्या गणवेशात, डबा घेऊन कामाला निघाल्या होत्या. दाराबाहेर पाळणा आणि चार माणसं पाहून त्या क्षणभर थबकल्या. मग त्यांनी कुणालाही सरका वगैरे न म्हणता एक पाय पाळण्यात टाकला, दुसरा पलीकडे टाकला आणि जिन्यावर उतरल्या. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले.

जाता जाता बाईंनी वळून गजांमधून आत पाहिलं. "माई, येताय का आज?"

"आज नाही हो," माई आतून म्हणाल्या. "घरचे आलेत."

बाहेरच्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

माईंना त्यांनी चार दिवस आधी पाठवलं होतं, सुनेचं मन वळवायला. माईंनी ते काम पहिल्याच संध्याकाळी करून टाकलं होतं. चल म्हणतात घरी, येतेस का, असं विचारलं, सून नाही म्हणाली, माई बरं म्हणाल्या. नंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी सून कामाला गेली आणि माई खिडकीत बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याजवळ एक अख्खी दुपार होती आणि तिच्यात कुणाचं जेवण शिजत नव्हतं. समोरच्या बाईंनी विचारलं म्हणून त्या त्यांच्या बसमध्ये जाऊन बसल्या. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या आणि त्याच बसने परत आल्या. मधे एक नदी लागली, एक रंगाचा कारखाना लागला, एका शाळेची पोरं चढली आणि उतरली. कुठं निघालात, असं वाटेत कुणीही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या परत गेल्या. चौथ्या दिवशी खिडकीशी बसायचं म्हणून एक थांबा आधी जाऊन उभ्या राहिल्या.

आणखी एक गोष्ट त्यांना या चार दिवसांत कळली होती. सून मागे घरी आली होती तेव्हा तिने हौसेने सगळ्यांचे कान तपासले होते. मिस्त्रींचे निकाल तिने परवा माईंना समजावून सांगितले. यंत्राच्या करवतीपाशी जन्म गेल्यामुळे त्यांना वरच्या पट्टीतलं ऐकू येत नाही. पक्षी, शिट्टी, कुकर.

"आणि बायका," सून म्हणाली होती. "म्हणजे बोलणं चाललंय एवढं कळतं. शब्द नाही कळत."

सगळा संसार माईंनी असं समजून केला होता की हा माणूस ऐकून न ऐकल्यासारखं करतो. त्याबद्दल त्यांनी मनात एक राग जपला होता, रोज पुसूनबिसून ठेवला होता. आता तो कुणावर ठेवावा हेच त्यांना कळेना. करवतीवर रागावून काय करणार?

दाराबाहेर मिस्त्रींनी दरम्यान गज काढला होता. घराण्याचा गज. आजोबांच्या हातची फूटभर लांब शिसवी मोजपट्टी, दोन्ही कडा हाताळून मऊ झालेल्या, एका टोकाला पितळी टोपण. धाकट्याने दाराचं माप फोनवरून सांगितलं होतं आणि तेवढ्यात बसेल असाच पाळणा केला होता, हे त्यांना सगळ्यांसमोर सिद्ध करायचं होतं. पाळण्यावर वाकून त्यांनी गज चौकटीला लावला, एकदा, दोनदा, तीनदा, आणि ताठ उभे राहिले.

"हे बघा. सांगितलं त्यापेक्षा दार कमी भरतंय. मोजायला शिकवलं होतं मी याला."

धाकटा म्हणाला की त्याने नीट मोजलं होतं. दोन वेळा मोजलं होतं, टेपने.

"बाजारच्या टेपने," मिस्त्री म्हणाले.

सुनेने टेबलाच्या खणातून ती टेप काढली आणि गजांमधून बाहेर दिली. तिला वाटलं होतं नवरा घेईल, पण घेतली थोरल्याने. त्याने दार मोजलं. धाकट्याने सांगितलं होतं तेवढंच भरलं. मग पाळणा मोजला आणि टेप मिटून खिशात घालायला लागला.

"किती?" मिस्त्रींनी विचारलं.

थोरला पाळण्याकडे बघत राहिला. त्याच्या मनात दोन वाटा होत्या. काहीतरी पुटपुटायचं, दार चुकलं म्हणायचं, आणि भावजयीला घेऊन संध्याकाळपर्यंत घरी पोचायचं. त्यात त्याचा फायदा होता. पण गजांमागे ती बाई पोटावर हात ठेवून बसली होती, खोक्यातल्या खुर्चीवर, आणि आपल्याला जे वाटायला हवं होतं ते त्याला वाटेना.

"बाबा, गज मोठा आहे," तो म्हणाला.

"काय?"

"आजोबांनी टोपण बसवलं ना, टोक तुटल्यावर. ते पहिल्या रेघेच्या बाहेर येतं. बोटभर जास्त. तीनदा टाकला की तीन बोटं."

मिस्त्रींनी गजाकडे पाहिलं. मग थोरल्याकडे.

"मग गिऱ्हाइकांचं इतकी वर्षं कसं बसतंय?"

थोरला यावर काहीच बोलला नसता तर बरं झालं असतं, पण सुरू झालेलं थांबवणं त्यालाही जमेना. गिऱ्हाइकांच्या मापाची लाकडं तो रात्री टेपने परत खुणावतो, असं त्याने सांगितलं. बाबा सकाळी त्याच्या खुणांवर कापतात. घरातलं मात्र सगळं गजावरच झालंय. दारं, खिडक्या, पलंग, देवळ्या, सगळं तीच तीन बोटं जास्त, म्हणून घरात सगळं घरातल्याशी नेमकं जुळतं. फक्त बाहेरचं आत ढिलं पडतं आणि आतलं बाहेर बसत नाही. आईच्या माहेरचं कपाट कोनाड्यात डुगडुगलं आणि अंगणात गेलं ते त्यामुळेच.

माई आतून काहीतरी म्हणाल्या. मिस्त्रींना ते ऐकू गेलं नाही. बाकी सगळ्यांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

मिस्त्री पाळण्याला टेकून उभे राहिले. तीन महिने ते या पाळण्यावर बसले होते. पाय आतून पोकळ ठेवून वजन कमी केलं होतं, कठड्याला बोट अडकू नये म्हणून प्रत्येक गजाची कड काचेने तासली होती. नातवंडाचं डोकं कुठं येईल तिथली फळी त्यांनी वेगळी निवडली होती, गाठ नसलेली. मुलाशी जे बोलता आलं नाही ते त्यांनी सगळं त्यात बसवलं होतं, आणि ते तीन बोटांनी चुकलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं. पण या माणसाला वाईट वाटलं की ते रागाच्या रस्त्यानेच बाहेर यायचं, दुसरा रस्ता त्याला माहीत नव्हता.

आत्यांनी ती वेळ बरोबर पकडली; वसतिगृहात कमावलेला त्यांचा भरड आवाज मिस्त्रींना शब्दाशब्दाने कळत असे. "गज चुकला असेल," त्या म्हणाल्या, "घर चुकलेलं नाही. बॅग भर पोरी. अंधार व्हायच्या आत पोचू."

"भर," मिस्त्री म्हणाले. "निदान माणूस तरी सरळ घरी नेऊ."

आत्या हे दुष्टपणाने करत होत्या असं कुणी समजू नये. त्या रोज संध्याकाळी त्या मोठ्या घराच्या खोल्यांत दिवे लावत फिरत, आणि हल्ली त्यातल्या निम्म्या खोल्यांत दिवा लावून तो कुणासाठी आहे हे त्यांना सांगता येत नसे. या पोरांना त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलं होतं. एक लहान मूल त्या घरात यायला हवं होतं. त्यांना ते फार हवं होतं, आणि मागून घ्यायची सवय नसल्यामुळे त्या हुकूम सोडत होत्या.

सून म्हणाली, मी येणार नाही. मिस्त्री थोरल्याला दोर कुठं आहे ते विचारत होते. ती पुन्हा म्हणाली, जरा वर चढवून. आवाज चिरकला. मिस्त्री दोर शोधायला वळले.

तेव्हा ती उठली. टेबलाला धरून, मग भिंतीला धरून दारापर्यंत आली आणि पाळण्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून मिस्त्रींच्या समोर उभी राहिली. दवाखान्यात म्हाताऱ्यांशी बोलतात तसा तिने आवाज खाली, अगदी छातीत नेला. तोंड त्यांच्याकडे, शब्द सुटे.

"बाबा. मी येणार नाही."

मिस्त्री थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, जणू ती आत्ताच कुठून तरी आली होती.

"का?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी खरोखर विचारला होता, आणि तो त्यांच्या तोंडून आला याचं थोरल्यालाही नवल वाटलं.

"माझं इथं बसलंय आता. हललं की सुटेल."

हे वाक्य सुताराला कळण्यासारखं होतं. मिस्त्रींनी कठड्यावरून अंगठा फिरवला. मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं की मग याचं काय करायचं.

"घरी ठेवा. आम्ही येऊ तेव्हा झोपेल त्यात. मोठं झालं तर बसेल. पण मी घेऊन येईन. मला घेऊन जायचं नाही."

याच सुमाराला धाकट्याला तोंड फुटलं. मीही हेच म्हणत होतो, असं तो म्हणाला. सुनेने त्याच्याकडे पाहिलं आणि याच्याशी नंतर बोलायचं ठरवलं, कारण ते बोलणं मोठं होणार होतं.

आत्या उठल्या, रुमाल झटकला, घडी केला. त्यांचे डोळे भरले होते ते त्यांनी चष्म्यावर ढकललं. निदान माई तरी चला, आवरा तुमचं, त्या म्हणाल्या. पाळण्याचं पाहू, पण माणसांनी तरी वेळेत निघावं.

थोरला आणि धाकटा पाळणा उचलायला वाकले. पाळणा एका बाजूला सरकला आणि पहिल्यांदाच दार मोकळं झालं. माई उंबऱ्यात आल्या. त्यांच्या हातात पिशवी नव्हती.

"वन्सं, तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या. "मी राहते."

आत्यांचा चेहरा उजळला. हे सगळ्यांत छान, त्या म्हणाल्या, पोरीवर लक्ष ठेवायला घरचं माणूस हवंच, आधीच ठरवायला हवं होतं.

"हिच्यासाठी नाही," माई म्हणाल्या. "ही तिचं तिचं बघेल. मला राहायचंय."

पाळणा दोन भावांच्या हातांत अधांतरी राहिला. आत्यांनी विचारलं की म्हणजे किती दिवस. माई म्हणाल्या, मग बघू. मिस्त्री एकदा बायकोकडे आणि एकदा बहिणीकडे बघत होते. काहीतरी मोठं घडतंय आणि ते आपल्या पट्टीबाहेर घडतंय, एवढं त्यांना दिसत होतं. माईंना त्यांची दया आली. त्या दोन पायऱ्या उतरून त्यांच्या अगदी समोर गेल्या आणि सुनेने जसा लावला होता तसा आवाज लावायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा तो खोकल्यासारखा आला.

"अहो. मी थोडे दिवस इथं राहणार. मला इथं बरं वाटतं."

मिस्त्रींना ऐकू आलं. ते कळून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघवत नव्हतं. रागाचा रस्ता शोधला, पण तो सापडला नाही.

"चहा?" ते एवढंच म्हणाले.

"थोरल्याला येतो," माई म्हणाल्या.

टेम्पो गेला. समोरच्या फुटपाथवरून धाकटा हात हलवत होता, टेम्पो वळून गेल्यावरही हलवत होता, कारण वर यायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

सून दारात उभी होती. तास-दीड तास ती या दोन खोल्यांसाठी भांडली होती आणि जिंकली होती. आता त्यांतली एक खोली गेली होती. माई तिचा पलंग आणि भिंत यांच्यातल्या फटीकडे मापाने बघत होत्या, इथं एक गादी बसेल अशा नजरेने. मला राहायचंय, या कारणाला नाही म्हणायची सोय तिने स्वतःच आज बंद करून टाकली होती. तिला रडू आलं असतं, पण आधी हसू आलं, आणि त्या दोन्हीत पाठ दुखायला लागली. आणि खरं सांगायचं तर माई गेल्या असत्या तर संध्याकाळी घर जरा जास्तच शांत झालं असतं, हेही तिला माहीत होतं. म्हणून तिने ठरवलं की जे बोलायचं ते आत्ताच बोलून घ्यावं.

"माई, राहा तुम्ही," ती म्हणाली. "पण एक सांगते. बाळ झाल्यावर हे असं कर, ते तसं करू नको, असं मला सांगायचं नाही."

माईंनी विचार केला. प्रामाणिकपणे केला, खुर्चीत बसून, पाय दुसऱ्या खुर्चीवर घेऊन. खुर्ची हलली पण मोडली नाही.

"सांगणार तर मी," त्या म्हणाल्या. "मला न सांगता राहवणार नाही. तू ऐकू नकोस."